वाचलेलं टिकत नाही, नावं आठवत नाहीत. ४३ व्या वर्षी स्मरणशक्तीला वळण लावता येतं का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, इथे बरेच महिने नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत १६ वर्षं नोकरी करतेय. इतकी वर्षं आत बसून खतावणीचं काम होतं, आकडे आणि मी, बाहेरच्या माणसाशी फारसा संबंध नाही. दिवाळीनंतर मला काउंटरला बसवलंय आणि तेव्हापासून माझी फार तारांबळ उडतेय. रोज तीच माणसं येतात, "काय ताई ओळखलं का" म्हणतात आणि माझ्या तोंडातून नाव बाहेर येत नाही. चेहरा ओळखीचा, आवाज ओळखीचा, परवाच त्यांची पावती मी स्वतः फाडलेली, पण नाव नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ना ते बघवत नाही. म्हातारी माणसं असतात, त्यांना वाटतं आपली किंमत नाही इथे.

दुसरं म्हणजे मे महिन्यात जीडीसीएची, म्हणजे सहकार आणि लेखा पदविकेची, परीक्षा द्यायचीय. सहा पेपर आहेत. सगळं आवरून रात्री साडेदहाला पुस्तक उघडते ते साडेबारा-एकपर्यंत, पहाटे पाचला परत उठायचं असतं डब्यासाठी. पिवळ्या मार्करने ओळीच्या ओळी रंगवते, तीन-तीनदा वाचते, वाचताना सगळं कळतं, आणि सकाळी भाकऱ्या करताना आठवायला गेलं तर कोरं. सहकार कायद्याची कलमं तर एकात एक मिसळतात, १०१ कुठलं आणि ९१ कुठलं.

आणि घरातलं काय सांगू, गॅस बंद केला का नाही म्हणून दोनदा स्टँडवरून परत आलेय. माझ्या सासूबाईंना शेवटची चार वर्षं विस्मरणाचा आजार होता, मीच केलं त्यांचं सगळं, म्हणून भीती जास्त वाटते. हे त्याचंच सुरुवातीचं लक्षण असेल का? का नुसतं वय? आणि रोजच्या जगण्यात करता येईल असं काही आहे का? वेगळा वेळ काढणं मला खरंच शक्य नाही.

गोडलिंब

ताई रात्री पाच बदाम भिजत घालून सकाळी सालं काढून खा, माझ्या मुलाला देते रोज. मोबाईलवर मेंदूचे गेम पण मिळतात ते खेळा अर्धा तास.

फळा-खडू

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवून निवृत्त झालो, त्यातली बहुतेक वर्षं तिसरी-चौथीचे वर्ग, म्हणजे पाठांतर हाच माझा धंदा होता असं म्हणा. तुमचं दुखणं मी हजारो पोरांत बघितलंय, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

सुरुवातीची पाच-सहा वर्षं मी सगळ्यांसारखेच पाढे घ्यायचो. सगळा वर्ग एका सुरात, सात एके सात, सात दुणे चौदा, छप्पर हलायचं. मला वाटायचं पोरांचे पाढे लोखंडासारखे पक्के आहेत. एकदा सहज एका मुलीला उभं करून विचारलं, सात नव्वे किती? ती गप्प. मग हळूच ओठ हलवत सात एके सातपासून सुरुवात केली आणि नव्व्यापर्यंत पोचून त्रेसष्ट म्हणाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पोरांना पाढा पाठ नाहीये, पाढ्याची चाल पाठ आहे. चालीत म्हणताना मागचा शब्द पुढच्याला ओढून आणतो, एकट्याला डोक्यातून काहीच काढावं लागत नाही. त्या दिवसापासून मी म्हणणं कमी केलं आणि विचारणं वाढवलं, तेही उलटसुलट, सात नव्वे, मग आठ सक, मग परत सात नव्वे. आमच्या वडिलांच्या पिढीला तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे सगळे यायचे आणि बाजारात माल मोजताना रोज उलटसुलट लागायचंही, म्हणून ते मरेपर्यंत टिकलं.

तुमचं मार्कर लावून तीनदा वाचणं म्हणजे ते सुरातले पाढे. ओळीवर नजर गेली की ओळखीची वाटते आणि मन म्हणतं हे मला येतंय. ओळख पटणं वेगळं आणि आठवणं वेगळं. (तुमच्या काउंटरवर पण तेच होतंय बघा, चेहरा ओळखू येतो, नाव आठवत नाही.) यावर अमेरिकेत २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी एक प्रयोग केलेला आहे, माझ्या मुलीने बी. एड. करताना मला वाचून दाखवला होता. मुलांच्या एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि तीन वेळा पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर विचारलं तर चार वेळा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. म्हणजे परीक्षा आठवड्याने असेल तर पुन्हा पुन्हा वाचून जे समाधान मिळतं ते फसवं आहे.

तर आजपासून असं करा. एक पान वाचायचं, पुस्तक पालथं घालायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते मोडक्यातोडक्या शब्दात लिहायचं. पहिल्यांदा फार थोडं येईल आणि जीव कासावीस होईल. तो कासावीसपणा महत्त्वाचा आहे, तेव्हाच काम चाललेलं असतं, लगेच पुस्तक उघडू नका, अर्धा मिनिट झगडा. मग उघडून काय राहिलं ते बघा.

आणि परत कधी बघायचं हेही तितकंच महत्त्वाचं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून लिहून ठेवलंय, निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि ठराविक वेळाने किती उरलं ते मोजायचं. एका तासात निम्म्याहून जास्त गेलं, एका दिवसात दोन-तृतीयांश गेलं, पण पुढे महिनाभरात त्यातलं थोडंच आणखी गेलं. अर्थ असलेला मजकूर यापेक्षा बरा टिकतो पण घसरण तशीच, सुरुवातीला कड्यावरून आणि मग सपाटी. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्या दिवशीच हवी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. एका रविवारी सहा तास बसण्यापेक्षा तेच सहा तास असे पसरलेले कितीतरी जास्त देतात.

यासाठी मी पोरांना डबा करायला लावायचो. जुन्या लग्नपत्रिका घरात पडलेल्या असतात, त्यांची मागची बाजू कोरी असते, कापून पत्त्याएवढ्या चिठ्ठ्या करा. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. मिठाईच्या खोक्याला पुठ्ठ्याचे पाच कप्पे. नवीन चिठ्ठी पहिल्या कप्प्यात, तो रोज काढायचा. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, तो दोन-तीन दिवसांनी, त्याच्या पुढचा आठवड्याने, असं. चुकलं की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. ही लाइटनर नावाच्या माणसाची पद्धत आहे, १९७० च्या दशकातली. आता याचीच अ‍ॅप्स आहेत, अंकी नावाचं एक मुलं वापरतात, पण तुम्हाला पोळ्या लाटताना ओट्यावर एक चिठ्ठी उभी करून ठेवता येईल, मोबाईल पिठाच्या हाताने धरता येत नाही. वेगळा वेळ नको म्हणालात म्हणून सांगतो, दिवसात अशा दहा-बारा मिनिटांच्या फटी निघतात, त्या पुरतात.

सिस्टर

मास्तरांनी अभ्यासाचं छान सांगितलंय, मी तब्येतीचं बोलते. मी २२ वर्षं नर्सिंगमध्ये आहे, त्यातली काही वर्षं वृद्धांच्या वॉर्डला.

ताई आधी भीतीबद्दल. तुम्ही जे लिहिलंय, नाव ओठांवर येऊन अडकणं, गॅसची शंका येणं, रात्री एकला वाचलेलं सकाळी न आठवणं, हे एवढ्यावरून सासूबाईंसारखंच काही चालू झालंय असं वाटून घेऊ नका. वॉर्डमध्ये आम्ही जे बघायचो ते वेगळं असतं. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत परत परत विचारणं आणि आधी विचारलाय याचा पत्ताच नसणं, आयुष्यभर केलेला स्वयंपाक किंवा पैशाचा हिशेब जमेनासा होणं. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो ते विसरणं वेगळं. शिवाय त्या आजारात बहुतेकदा काळजी घरच्यांना वाटत असते, स्वतः माणसाला फारशी जाणीव नसते. तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंय की काय काय विसरता ते तुम्हाला नीट आठवतंय.

पण म्हणून दुर्लक्ष करू नका, डॉक्टरांना एकदा दाखवाच, कारण विसरभोळेपणाची काही कारणं औषधाने बरी होणारी असतात आणि आपल्याकडे ती फार आढळतात. बी-१२ ची तपासणी करून घ्या. हे दूध, अंडी, मांस, मासे यातून मिळतं, भाजीपाल्यातून नाही, त्यामुळे शाकाहारी आणि दूध कमी घेणाऱ्या बायकांमध्ये कमी निघतं. शुगरसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी रोजचीच झाली असेल तरी कमी होतं. थायरॉईड बघा. हिमोग्लोबिन बघा. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनी पण डोकं जड राहतं. आणि तुमचं वय पाळी जायच्या आधीच्या काळातलं आहे, त्या काळात कित्येक बायकांना शब्द न सुचणं, विसरणं होतं, कुणी बोलत नाही एवढंच. गोडलिंब ताई, बदाम जरूर खावेत, चांगलेच आहेत, पण बी-१२ बदामात नसतं. आणि त्या गेमचं म्हणाल तर गेम खेळून माणूस मुख्यतः त्या गेममध्येच हुशार होतो. अमेरिकेत २०१६ साली अशा एका कंपनीला खोट्या दाव्यांबद्दल २० लाख डॉलर भरावे लागले होते.

आता झोप. साडेबाराला-एकला झोपून पाचला उठणं म्हणजे चार-साडेचार तास. दिवसभरात डोक्यात आलेलं पक्कं करायचं काम गाढ झोपेत होतं, तेच तुम्ही कापताय. रात्रीचा शेवटचा तास वाचण्यापेक्षा तो तास झोपलात तर आधीचं वाचलेलं जास्त राहील, हे मी अगदी मनापासून सांगते. साडेदहा ते अकरा फक्त मास्तर म्हणतात तसं आठवून लिहा आणि दिवा घालवा.

आणि चाला. २०११ साली एक अभ्यास आला होता, ५५ ते ८० वयाची १२० माणसं, निम्मी आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं झपझप चालायची, निम्मी नुसते स्नायू ताणायचे व्यायाम करायची. वर्षाने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नवीन आठवणी घडवणारा मेंदूचा भाग, साधारण २ टक्क्यांनी वाढलेला दिसला. दुसऱ्या गटात तो थोडा कमी झाला होता. स्टँड ते ऑफिस रिक्षा करत असाल तर सोडा.

कृष्णाकाठ

इतक्या आपुलकीने लिहिलंत दोघांनी, वाचताना डोळे भरून आले. मेटफॉर्मिन नाही पण अ‍ॅसिडिटीची गोळी गेली तीन वर्षं रोज घेतेय, हे मला माहीतच नव्हतं. तपासण्या करून घेते. मास्तर, काल एक पान वाचून पुस्तक मिटलं तर फक्त अडीच ओळी आल्या, पण त्या अडीच ओळी आज दुपारी पण आठवत होत्या!

एक विचारू का, कलमांच्या आकड्यांचं काय करू? मजकूर समजतो पण आकडा त्याला चिकटतच नाही.

अक्षरगणित

आकड्यांसाठी आपल्याकडे शेकडो वर्षांची एक पद्धत पडून आहे आणि कुणी वापरत नाही याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून लिहितोय. कटपयादी. जुने ज्योतिषी आणि गणिती, विशेषतः केरळातले, मोठमोठे आकडे श्लोकात बसवायला ही वापरायचे. कर्नाटक संगीतात ७२ मेळकर्ते राग आहेत त्यांच्या नावाच्या पहिल्या दोन अक्षरांत रागाचा क्रमांक लपवलेला आहे, मेचकल्याणीत म म्हणजे ५ आणि च म्हणजे ६, उलट वाचायचं, ६५ वा मेळ.

नियम सोपा आहे. क ख ग घ ङ च छ ज झ हे १ ते ९ आणि ञ शून्य. ट ठ ड ढ ण त थ द ध परत १ ते ९ आणि न शून्य. प फ ब भ म १ ते ५. य र ल व श ष स ह १ ते ८. काना मात्रा वेलांटीला किंमत नाही, जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं. परंपरेत अंक उजवीकडून डावीकडे वाचतात पण आपण घरगुती वापरासाठी सरळच वाचू. ळ मी सोडून देतो.

आकडा मनाला चिकटत नाही कारण त्याला रूप नाही, वास नाही. वस्तूला असतो. म्हणून आकड्याची वस्तू करायची आणि वस्तूचं कलमाशी भांडण किंवा लग्न लावून द्यायचं. तुमचीच कलमं घेतो. १०१ म्हणजे क-न-क, कनक, सोनं. १०१ हे वसुलीच्या दाखल्याचं कलम, तर थकबाकीदाराच्या दारात उभं राहून कुणीतरी दाखला दाखवतंय आणि तो दाखला सोन्याच्या पत्र्याचा आहे असं डोळ्यासमोर आणा. ९१ म्हणजे ध-क, धाक, कलम वादाचं, दोन सभासद एकमेकांना बोट दाखवून धाक घालतायत. ८८ म्हणजे द-ह, दही! ८८ नुकसानभरपाई ठरवण्याचं, संचालकांनी दह्याचं अख्खं मडकं सांडलं आणि निबंधक म्हणतायत भरून द्या. ८१ ज-प, जप, लेखापरीक्षक माळ घेऊन एकेका मण्याला एकेक व्हाउचर मोजतोय. ८३ चौकशी, ह-ड, हाड, चौकशी अधिकारी दप्तराच्या कपाटातून हाड उकरून काढतोय. १५६ म्हणजे प-ण-त, पणती, वसुली अधिकारी अंधारात पणती घेऊन जप्तीची मालमत्ता शोधत फिरतोय.

आता सोडा बघू यातलं एखादं. शब्द स्वतः शोधलात तर अजून पक्का बसतो, शोधायला लागलेली मेहनतच तो धरून ठेवते. पिनकोड, गाडीचे नंबर, सगळ्याला चालतं. सांगलीचा पिनकोड ४१६४१६, भ-क-त भ-क-त, भाकीत भाकीत.

टाळकरी

माउली. ताई मी शाळा चौथीपर्यंत, पण हरिपाठ, काकडा, गौळणी, वारीचे अभंग धरून तीनशेच्या वर पाठ आहेत, वही लागत नाही. आमच्या दिंडीत माझ्याहून जास्त पाठ असणारे म्हातारे होते ज्यांना सहीसुद्धा यायची नाही. म्हणून दोन गोष्टी सांगतो अनुभवाच्या.

एक म्हणजे शेवटाकडून पाठ करावं. आम्हाला ज्या बुवांनी शिकवलं ते शेवटचं चरण आधी द्यायचे. ते पक्कं झालं की त्याच्या आधीचं, मग ती दोन्ही मिळून, मग त्याच्या आधीचं. माणूस पहिल्यापासून पाठ करतो तर पहिली ओळ शंभर वेळा होते आणि शेवट कच्चा राहतो, म्हणताना जसजसं पुढं जाल तसतसा पाय घसरायला लागतो, भीतीने आणखी विसरतं. शेवटाकडून केलं की पुढं पुढं जाईल तसं पक्क्या जमिनीवर येतो. तुमच्या परीक्षेत व्याख्या असतील, कायद्यातली लांब वाक्यं असतील, त्याला हे करून बघा.

दुसरं, बसून पाठ करू नका. चालताना करा, पाऊल पडलं की शब्द पडला पाहिजे. मला आजही काही अभंग म्हणताना तो घाट दिसतो जिथं तो पाठ झाला, दिवेघाट चढताना एक, नीरेच्या पुलावर एक. जागा आठवली की शब्द येतो. आमच्या आईला जात्यावरच्या ओव्या किती यायच्या त्याला मोजमाप नव्हतं, पण नुसतं सांग म्हटलं तर दोन-चारच सांगायची, हातात खुंटा दिला की झऱ्यासारख्या यायच्या.

दुकानदार तासगाव रोड

मास्तर, माउली दोघांनाही नमस्कार. मी नावांबद्दल लिहितो कारण ३० वर्षं किराणा दुकान चालवतोय आणि माझं पोट नावांवर आहे. गिऱ्हाइकाला नावाने हाक मारली की ते दुसऱ्या दुकानात जात नाही.

मुळात बऱ्याच वेळा आपण नाव विसरत नाही, आपण ते ऐकलेलंच नसतं. समोरचा नाव सांगतो तेव्हा आपलं लक्ष त्याच्या हातातल्या पिशवीकडे किंवा तुमच्या बाबतीत स्लिपकडे असतं. जे आत गेलंच नाही ते बाहेर कसं येणार. म्हणून नाव सांगत असताना हातातलं काम दोन सेकंद थांबवायचं, तोंडाकडे बघायचं, आणि लगेच ते नाव वापरून एक वाक्य बोलायचं. मग पैसे मोजताना मनात एकदा, आणि ते वळून जाताना मोठ्याने, "या हं सुभद्राआक्का." तीन वेळा झालं.

आणि आपल्या भागात नुसतं आडनाव उपयोगाचं नाही, रांगेत दहा जण असतील तर सहा पाटील. आपल्या म्हाताऱ्या माणसांची रीतच बरोबर होती, गाव कुठलं आणि कुणाच्यातले? हे विचारणं उगाच चौकशी नव्हती, माणूस लक्षात ठेवायची युक्ती होती. नाव एकटं तरंगत राहतं, त्याला गाव, वाडी, भावकी, धंदा जोडला की ते रुजतं. पाटील म्हणजे कुठले, तर सावळजचे, द्राक्षबागवाले, ज्यांची म्हैस गेल्या वर्षी गेली ते. आता हे पाटील मी विसरणार नाही. दुकान बंद करताना मी अजून रोज आज आलेल्या नवीन माणसांची नावं एकदा आठवतो, दोन-तीनच असतात. ज्याचं आठवत नाही त्याला दुसऱ्या दिवशी सरळ विचारतो, "दादा नाव परत सांगा, मला लक्षात ठेवायचंय." एवढ्या वर्षांत कुणाला राग आलेला मी बघितला नाही, उलट बरं वाटतं त्यांना.

पण सगळं डोक्यात ठेवायचा हट्ट मात्र करू नये असं माझं मत. उधारी मी कधी डोक्यात ठेवली नाही, वहीतच. मुंबईचे डबेवाले बघा, कुठला डबा कुठल्या बिल्डिंगच्या कितव्या मजल्यावर ते झाकणावर रंगाने आणि आकड्यांनी लिहिलेलं असतं. डोकं माणसांसाठी मोकळं ठेवावं.

फळा-खडू

दुकानदारांशी पूर्ण सहमत. आणि ताई, तुमचा गॅस राहूनच गेला.

करायच्या गोष्टी लक्षात ठेवणं हा वेगळाच प्रकार आहे, तिथे नुसतं काय करायचं ते माहीत असून भागत नाही, ते नेमक्या वेळी आठवावं लागतं. आमची आई पदराला गाठ मारायची, खूणगाठ हा शब्दच त्यातून आलाय. गाठीत माहिती काहीच नसते, ती फक्त नजरेला अडते. तसं करा. बँकेत न्यायची कागदं चपलेवर ठेवा. गोळी चहाच्या डब्यावर. मनाशी ठरवतानाही "आज फोन करायचाय" असं मोघम ठरवू नका, "डबा खाऊन हात धुतले की फोन करायचा" असं ठरवा. हात धुणं ही तुमची गाठ.

गॅसचं असं आहे की बंद तर तुम्ही केलेलाच असतो, पण हात आपोआप करतो आणि मन बसच्या मागे पळत असतं, म्हणून त्याची आठवण तयारच होत नाही. बटण फिरवताना मोठ्याने म्हणा, "मंगळवार, गॅस बंद." वाराचं नाव घ्यायचंच, नाहीतर काल बंद केलेला आठवेल. घरच्यांना दोन दिवस नवल वाटेल.

आणि दुसऱ्या खोलीत जाऊन "मी इथे कशाला आले" असं झालं तर घाबरू नका, दार ओलांडलं की कधीकधी मागच्या खोलीतला विचार मागेच राहतो, यावर रीतसर प्रयोग झालेले आहेत. परत त्या ओट्यापाशी जाऊन उभ्या राहून बघा, कधीकधी येतं आठवून.

कृष्णाकाठ

पाच आठवड्यांनी येतेय, उशीर झाला त्याबद्दल माफ करा, पण काहीतरी सांगण्यासारखं झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

रिपोर्ट आले. थायरॉईड ठीक, बी-१२ बरंच कमी निघालं, डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि अ‍ॅसिडिटीची गोळी बदलून हळूहळू बंद करायला सांगितलीय. सासूबाईंचं सांगितलं तर त्यांनी शांतपणे सगळे प्रश्न विचारले, छोटी चाचणी घेतली आणि आता तरी तशी काही शंका नाही म्हणाले, वर्षाने परत बघू. त्या रात्री कितीतरी दिवसांनी नीट झोपले. आता रात्री अकराला दिवा बंद. फरक जाणवतोय पण त्यातला किती इंजेक्शनाचा, किती झोपेचा आणि किती तुम्ही सांगितलेल्याचा ते मला सांगता येणार नाही, आणि खरं सांगू तर मला ते वेगळं करायचंही नाही.

लग्नपत्रिकांच्या चिठ्ठ्या १४० झाल्यात. धाकटा चौथीत आहे, तो जेवताना एकेक काढून मला विचारतो, उलटसुलट, आणि चुकलं की "आई, पहिल्या कप्प्यात" म्हणतो, त्याला फार आवडतं ते. टाळकरी दादा, लेखापरीक्षणाची एक पाच ओळींची व्याख्या शेवटाकडून पाठ केली, स्टँडपासून ऑफिसपर्यंत चालत, आता रिक्षा नाही. तिसरी ओळ आली की मला तो रसवंतीचा घुंगरू ऐकू येतो, कारण तिथेच अडकले होते मी दोन दिवस.

काउंटरवर मात्र सगळ्यात जास्त समाधान आहे. एका आजींचं खातं आहे, पेन्शनचे पैसे भरायला येतात. मागच्या सोमवारी त्या दारातून आत आल्या आणि मी म्हटलं, "या लक्ष्मीआजी, कवठ्यापासून चालत आला काय?" त्या थांबल्याच. मग बाकावर बसून दहा मिनिटं नातवाचं सांगत होत्या, रांग खोळंबली, पण रांगेतलं कुणी काही बोललं नाही.

अक्षरगणित, मी एक स्वतः बनवलंय, बरोबर आहे का बघा. ७९अ, शासनाने निर्देश द्यायचं कलम. स-ध, साधू. मंत्रालयाच्या पायरीवर बसलेला साधू आज्ञा देतोय, आज्ञेतला आ म्हणजे अ. आता १५४ब वर अडलेय, गृहनिर्माण संस्थांचं ते २०१९ ला घातलेलं प्रकरण. दोन दिवस शोधतेय, शब्दच सापडत नाहीये.

अक्षरगणित

साधू फारच छान, मला नसता सुचला.

१५४ चं उत्तर सांगणार नाही, नाहीतर ते माझं होईल. एवढंच सांगतो की प-श-व मधली अक्षरं धरा, पुण्याला जा, आणि मोठ्या दरवाजातून आत शिरा. ब साठी तिथली बाग आहेच.

कृष्णाकाठ

पेशवा!! शनिवारवाड्याची सोसायटी, आणि पेशवे स्वतः बागेत बसून मेंटेनन्सच्या पावत्या फाडतायत. दिसलं मला. चिठ्ठी करतेय लगेच.